थोरल्या साडूंची हवा

एकही नवी वस्तू विकत न घेता माणूस पन्नाशीपर्यंत सुखाने जगू शकतो, हे सिद्ध करून दाखवण्यासाठीच माझे थोरले साडू जन्माला आले होते, असं माझं ठाम मत आहे. फैजपूरपासून दोन कोसांवरच्या गावात त्यांची केळीची बाग होती, विहिरीला पाणी होतं, दारात बैलजोडी होती. तेव्हा नवं घ्यायची ऐपत नव्हती असं कुणी म्हणू शकलं नसतं. पण त्यांची सायकल एका बदली झालेल्या पोस्टमनची होती, रेडिओ बंद पडलेल्या सलूनमधला होता, आणि घरातलं लोखंडी कपाट जामनेरच्या एका आडत्याकडून आणलेलं होतं. त्या कपाटाची किल्ली कपाटानंतर तीन वर्षांनी आली. तोवर त्यांनी मागच्या पत्र्याला बिजागऱ्या लावून कपाट पाठीकडून उघडायची सोय केली होती, आणि किल्ली आल्यावरही सवयीने ते मागूनच उघडत. "नव्या वस्तूत काय खोट हाये, ते तिचं तिले माहीत नसते," असं त्यांचं म्हणणं. "जुनी वस्तू एकदा बिघडून सुधरेल असते. ती खोटं बोलत नही." यावर त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळेच अक्का म्हणायचो, स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "या घरात नवी म्हनून मीच एकटी आली. तेही यायले पटाले चार-पाच वर्षं लागली."

जुनी वस्तू घेतानाही त्यांची एक रीत होती. वस्तूकडे ते फारसं पाहत नसत, विकणाऱ्याकडे पाहत. मी तेव्हा जळगावात एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि माझी स्कूटर विकायची होती. ती घ्यायला ते आले, चहा घेतला, आणि मला समोर बसवून दोन तास त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. स्कूटर रोज कुठे उभी असते, पहिल्या लाथेला सुरू होते की चौथ्या, चालवताना मी गाणं म्हणतो का. शेवटी आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "पाव्हने, खरं सांगा, तुमच्या हातून हे कधी पडली?" बायकोपासून दोन वर्षं लपवून ठेवलेलं अजिंठा रस्त्यावरचं पडणं मी त्या दिवशी, बायको दारातच उभी असताना, कबूल केलं. साडूंचा चेहरा खुलला. "झालं! आता हिचं बठ्ठं माहीत झालं," म्हणाले, आणि स्कूटर घेऊन गेले. मला पुढचे आठ दिवस घरात फार जपून वागावं लागलं.

दुसरी सवय टायरची. कुणीही पाहुणा दारात आला की "या, बसा" म्हणण्याआधी ते त्याच्या वाहनाकडे जात आणि अंगठ्याने चाक दाबून पाहत. हवा कमी असली तर पाहुण्याला पाणी मिळे, पण मनापासून नाही. एका लग्नात नवरदेवाची जीप मांडवाशी आली तेव्हा सगळे वऱ्हाडी अक्षता घेऊन उभे, आणि हे खाली वाकून मागचं उजवं चाक दाबताहेत. मुहूर्त जवळ आलेला. मुलीचे वडील घामाघूम. साडूंनी उठून जाहीर केलं, "परत जाताना सावकाश," आणि मग वाजंत्री वाजली.

या टायरवेडाला कारण होतं. तेव्हा त्या पट्ट्यात केळीचे घड बैलांच्या टायरगाडीतून स्टेशनवर जायचे. तिथे मालगाडीचे डबे लागलेले असत, आणि ठरल्या वेळेत माल चढला नाही तर तो राहून जाई. गावात हवा भरायची म्हणजे एका दुकानदाराचा हातपंप. त्याने सायकल फुगायची, गाडीचं चाक नुसतं उसासा टाकायचं. खरी हवा फैजपूरला. एका उन्हाळ्यात साडूंचीच भरलेली गाडी निम्म्या वाटेवर बसली. चाक उतरवलं, खांद्यावर घेतलं, एका ओळखीच्याच्या सायकलवर टाकून फैजपूर गाठलं, परत आले. या सगळ्यात अर्धा दिवस गेला. स्टेशनवर पोचले तेव्हा डबे बंद झाले होते. कापलेली केळी कुणाची वाट बघत नाहीत. उन्हात ठेवलेल्या घडांवर हळूहळू काळे डाग चढत गेले, आणि साडू गाडीच्या दांडीवर बसून ते बघत राहिले. परतताना वाटेतल्या प्रत्येक वस्तीवर त्यांनी घड उतरवले. "घ्या, गुरांले घाला" एवढंच म्हणत होते. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "हवा पाह्यजे." अक्कांना वाटलं उकडतंय, म्हणून त्यांनी खिडकी उघडली. "इथं नही वं," साडू म्हणाले. "गावात."

अशा रीतीने हवा भरायच्या कॉम्प्रेसरचा शोध सुरू झाला. नवा घ्यायचा प्रश्नच नव्हता. चार महिन्यांनी कुणीतरी सांगितलं की धुळ्याला, आग्रा रोडवर, एक म्हातारे मिस्त्री गॅरेज बंद करताहेत आणि त्यांच्याकडे जुना, दणकट कॉम्प्रेसर आहे. मला रजा काढायला लावून साडूंनी बरोबर नेलं. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, हे मी बसमध्ये तीनदा सांगितलं. "यंत्राचं मी पाहीन," ते म्हणाले. "तुम्ही मानसाचं पाहा. तुम्ही कचेरीत हाये, तुम्हाले खोटं वयखता येते."

त्या मिस्त्रींना सगळे नाना म्हणत. सत्तरीकडे झुकलेले, बारीक अंगाचे, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलणं इतकं कमी की वाक्य संपल्यावर आपल्याला वाटावं, अजून सुरू व्हायचंय. गॅरेजच्या कोपऱ्यात ते यंत्र बसलं होतं. आडवी लांबट टाकी, तिच्यावर काळाठिक्कर पंप, त्याचं मोठं चाक, शेजारी मोटर, आणि या सगळ्यांवर बोटभर जाडीची तेलकट धूळ. साडूंनी आपली उलटतपासणी सुरू केली. नानांनी प्रत्येक प्रश्नाला "हां" किंवा "नही" असं उत्तर दिलं. शेवटी साडूंनी विचारलं, "याची खोट काय ते सांगा." नाना पहिल्यांदा पुरतं बोलले. "पंप चांगला शे. रिंगा घसायेल शेतस, त्या बदला. मोटर चांगली शे. पन टाकीनं मी काही सांगस नही. तिन्हा पोटमा कोनी दखेल नही. आगोदर पानी भरीसन, दाबीसन दखा. मंगच हवा." टाकीच्या पोटात कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा आधी पाणी भरून, दाबून बघा, असा त्याचा अर्थ. साडू खूश झाले. आढेवेढे न घेता खोट सांगणारा विक्रेता त्यांना आयुष्यात प्रथमच भेटला होता. त्या आनंदात, नेमकी खोट काय सांगितली, तिकडे त्यांचं थोडं दुर्लक्षच झालं असावं.

ट्रकमधून यंत्र गावी आलं आणि गोठ्याच्या निम्म्या भागात स्थानापन्न झालं. बैल दुसऱ्या निम्म्यात गेले. पुढचे आठ महिने साडूंनी शेत, घर, नातलग यांच्यातून उरेल तो सगळा वेळ त्या यंत्राला दिला, आणि उरेल याची काळजी ते आधीपासूनच घेत असत. एकेक नट सुटा झाला, रॉकेलमध्ये बुडाला, घासला गेला आणि अक्कांच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत जाऊन बसला. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी: 'डोकं', 'छाती', 'पोट'. एकदा मी चुकून 'छाती' लिहिलेल्या बरणीत हात घातला तो लोणचं समजून. पंपाच्या झडपांच्या पट्ट्या सपाट करायला सपाट काच लागते. तिच्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवायचा, तेलाचे थेंब सोडायचे आणि पट्टी गोल गोल घासायची. गावात तेवढी सपाट काच एकच होती, ती अक्कांच्या आरशाची. तीन दिवस अक्कांनी आरशाच्या रिकाम्या चौकटीसमोर उभं राहून, भिंतीकडे बघत कुंकू लावलं. चौथ्या दिवशी काच परत आली तेव्हा तिच्यावर तेलाचा असा काही थर होता की अक्का म्हणाल्या, "भीत बरी होती."

काही अडलं की साडू नानांना पोस्टकार्ड लिहीत. पाठपोट भरलेलं, समासातही मजकूर. धुळ्याहून उलट टपाली उत्तर येई. एका कार्डावर मुख्य मजकूर एवढाच होता: "रिंग उलटी बसाडेल व्हई. सुलटी करा." साडूंनी पंप परत खोलला, रिंग खरोखरच उलटी होती. ते कार्ड त्यांनी कपाटात, म्हणजे पाठीकडून, जपून ठेवलं. प्रत्येक कार्डाच्या तळाशी मात्र नाना न चुकता एक ओळ लिहीत: "टाकी दखी का?" आणि दर वेळी साडू उत्तरात बाकी सगळ्याबद्दल सविस्तर लिहून त्या ओळीबद्दल गप्प बसत.

कारण टाकीबद्दल त्यांचं आधीच ठरलं होतं. त्यांनी तिला हातोडीने चहूकडून वाजवून पाहिलं होतं आणि ती देवळातल्या घंटेसारखी वाजली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वाजवून दाखवत. "ऐका. हा आवाज खोटा असन का?" मग त्यांनी तिला पोपटी रंग दिला, दोन्ही टोकांना केळीची पानं काढली, आणि मधोमध लाल अक्षरांत गावदेवीचं नाव घातलं. कुठल्याही नव्या नवरीला हेवा वाटावा अशी ती टाकी दिसू लागली. मग मुहूर्त काढला, पत्रिका छापल्या. त्यातली एक माझ्याकडे अजून आहे. "आमचे येथे श्रीकृपेकरून हवा सुरू करण्याचे योजिले आहे, तरी आपण सहकुटुंब सहपरिवार येऊन शोभा वाढवावी." आसपासच्या पाच गावांत पत्रिका गेल्या. वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीचा बेत ठरला. एक पत्रिका धुळ्यालाही गेली, आणि समारंभाच्या दोन दिवस आधी, आम्ही नवरा-बायको मदतीला येऊन पोचलो होतो तेव्हा, दुपारच्या एसटीतून नाना उतरले. एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात गोणपाटात गुंडाळलेला, लांब दांड्याचा पाण्याचा हातपंप.

नानांनी पाणी घेतलं, चहा नाकारला आणि थेट गोठ्यात गेले. पोपटी टाकीकडे जरा वेळ बघत राहिले. "रंग बेस शे," म्हणाले. मग गोणपाट सोडायला बसले. साडू म्हणाले, "नाना, परवा समारंभ हाये. आता कायले? मी वाजवून पाह्यली हाये." नानांनी मान वर केली. "पानी फुटनं ते आपन वल्लं व्हसूत. हवा फुटनी ते भीत जाई. मानूस बी जाई." पाणी फुटलं तर आपण ओले होऊ, हवा फुटली तर भिंत आणि माणूस दोन्ही जातील. एवढं लांब वाक्य ते बोलले म्हणजे विषय संपला होता.

टाकी तोंडापर्यंत पाण्याने भरली. सगळी तोंडं बंद केली. नाना दांडा मारू लागले आणि दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा चढू लागला. रोज जेवढा दाब लागणार होता, तिथवर काटा गेला. काही झालं नाही. साडूंनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. नाना दांडा मारतच राहिले. रोजच्या दाबाच्या दीडपट जायचं, असा त्यांचा नियम. काटा थोडा आणखी चढला, आणि नाना खाली वाकले. टाकीच्या अगदी तळाशी, जिथे वर्षानुवर्षं पाणी साचून राहत असणार, तिथे केळीच्या पानाच्या देठाजवळ रंगाला एक फोड आला होता. आमच्या डोळ्यांदेखत तो फुटला आणि त्यातून एक थेंब बाहेर आला. थेंब लोंबकळला, पडला. दुसरा आला.

 अक्का दारात उभ्या होत्या, त्यांच्या हातात बट्टीसाठी चाळलेल्या पिठाची परात होती. मग जे बोलायला नको होतं ते बोलणारा माणूस मीच निघालो. कचेरीत वीस वर्षं काढली की अशा वेळी काहीतरी मधला मार्ग सुचतोच. मी म्हणालो, "पण रोजच्या दाबाला तर गळली नाही ना? समारंभापुरती हलक्या दाबावर चालवू. पाच गावचे लोक येताहेत. मग सावकाश दुरुस्ती करता येईल." नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज नही गळनी. सकायनं तुमी सांगतस का?" म्हणजे उद्याची हमी तुम्ही देता का. 

साडू खाली बसले होते. तो थेंब जिथे पडत होता तिथली ओली माती ते बोटाने सारखी करत होते.  मग ते उठले, नानांना म्हणाले, "पानी सोडा." टाकी रिकामी झाली, सगळी तोंडं उघडली. साडू अवजारांच्या पेटीतून एक जाड छिन्नी आणि घण घेऊन आले. अक्का म्हणाल्या, "अहो, हे काय करू राह्यले?" साडूंनी जिथून थेंब आला होता तिथे छिन्नी टेकवली आणि घण मारला. ती टाकी पहिल्या घावाला सुंदर वाजली. अगदी देवळातल्या घंटेसारखी. दुसऱ्या घावाला छिन्नी मुठीपर्यंत आत गेली.

भोकातून लाल गंजाचे पापुद्रे खाली पडले. वाळलेल्या कांद्याच्या सालीसारखे पातळ. साडूंनी त्यातला एक हातात घेतला, चुरला.  "पाव्हने," ते म्हणाले, "समारंभाले हे फुटली नसती. ठाऊक हाये मले. पन मंग मी दुसऱ्या दिवशीही लावली असती. अन तिसऱ्याही. रंग इतका चांगला झाला होता. माहा मलेच भरवसा नही, म्हनून भोक पाडलं." नाना उठले आणि पहिल्यांदाच त्यांनी स्वतः होऊन चहा मागितला.

समारंभ रद्द करावा असं माझ्या बायकोचं मत होतं. साडू म्हणाले, "पत्रिका गेल्या. बट्टी थोडीच गळते?" त्यामुळे पाच गावचे लोक आले, जेवले, आणि हवा कुठे आहे म्हणून विचारू लागले. साडूंनी प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला, हाताला धरून गोठ्यात नेलं, खाली वाकवलं आणि भोक दाखवलं. शेजारी ताटलीत गंजाचे पापुद्रे ठेवले होते, ते हातात दिले. काही म्हाताऱ्यांनी प्रसाद समजून कपाळाला लावले. लोक तोंडावर काही बोलले नाहीत. पण गावात साडूंना आबा म्हणत, ते नंतर वर्षभर पाचही गावांत 'बिनहवेचे आबा' झाले. बाजारात कुणीतरी विचारायचंच, "आबा, हवा कुठपरेंत आली?" साडू शांतपणे सांगत, "येऊ राह्यली." एकदा मी बरोबर होतो. त्या माणसाला उत्तर देऊन ते पुढे गेले आणि मग बराच वेळ रस्त्याच्या कडेच्या टायरगाड्या बघत चालले. लागलं होतं त्यांना. पण टाकीला ठिगळ मारू का, असं त्यांनी नानांना एकदाही लिहिलं नाही.

आणि मग ज्यावर नातेवाइकांत कुणाचा विश्वास बसला नाही ते घडलं. माझे थोरले साडू नवी वस्तू घ्यायला जळगावला आले. नवी टाकी. पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी ती करायला टाकली आणि ती होत असताना चार दिवस माझ्या घरी मुक्काम ठोकून रोज सकाळी तिथे जाऊन बसत. वेल्डरला त्यांनी विचारलं की काल झोप नीट झाली का, घरी भांडण वगैरे नाही ना. त्या बिचाऱ्याने हातातलं काम थांबवून सगळं सांगितलं. घरी थोडं होतंच. साडूंनी त्याला त्या दिवशी सुट्टी घ्यायला लावली आणि वेल्डिंग दुसऱ्या दिवशी झालं. पाण्याची चाचणी झाली तेव्हा ते टाकीखाली पोटावर आडवे झोपून होते. टाकी कोरडी राहिली, साडू मात्र चिखलाने भरून घरी आले. रात्री जेवताना उदास वाटले. मी विचारलं तर म्हणाले, "चांगली हाये हो. पन इच्याशी बोलावं काय, ते समजत नही."

या वेळी पत्रिका नव्हत्या. नाना, मी, अक्का आणि साडू, एवढेच. गोठ्यात पट्टा चढला, तेल भरलं, थ्री-फेज वीज आली तशी साडूंनी देवीचं नाव घेऊन बटण दाबलं. मोठं चाक फिरू लागलं आणि सगळी धूळ, पेंढा आणि अक्कांच्या हातातल्या ताटातली हळद-कुंकवाची पूड उडून आमच्याच तोंडावर आली. नाना शिंकले. मग शांतपणे म्हणाले, "उलटं फिरी राहिनं." मोटरच्या दोन तारांची अदलाबदल केली, आणि चाकाचा वारा जिकडे हवा तिकडे, पंपावर, जाऊ लागला. धडधड, धडधड. काटा चढत गेला, ठरलेल्या जागी पोचला आणि यंत्र आपोआप थांबलं. त्या शांततेत नानांनी कान टाकीजवळ नेला, सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासले, पट्टा बोटाने दाबला. "पट्टा जरासा तानेल शे," ते म्हणाले. "बाकी बठ्ठं बरं शे." साडूंनी तोंड फिरवलं आणि बैलांना वैरण टाकायला गेले. वैरण सकाळीच टाकलेली होती.

दुसऱ्याच आठवड्यात कापणी लागली आणि दारासमोर टायरगाड्यांची रांग दिसू लागली. हवा भरायचं काम साडू स्वतःच करत आणि ते सहज भरत नसत. टायर झिजलेला असेल तर नकार. बैलाच्या खांद्याला जखम दिसली तर आधी हळद, मग हवा. एका गाडीवानाने घाई केली तेव्हा त्याला त्यांनी गाडीतले दोन घड कमी करायला लावले. "चाक चार मानसं वाहते, तुम्ही दहा बसवू राह्यले," म्हणाले. गाडीवान चरफडत गेला. परतताना स्टेशनवर माल वेळेत चढल्याचं सांगायला तोच आला आणि न विचारता ओट्यावर बसला. त्या हंगामात त्या गावचा एकही घड वाटेवर राहिला नाही. 'बिनहवेचे आबा' हे नाव कधी गेलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नाना वर्षातून एकदा, पोळ्याच्या आसपास, धुळ्याहून येत. दोघं गोठ्यात स्टुलांवर बसत. साडू बोलत, नाना ऐकत, मधून पट्टा दाबून बघत. चार-पाच वर्षं हे चाललं. मग एका वर्षी पोस्टकार्डावर दुसऱ्याच कुणाचं अक्षर आलं. साडू एकटेच धुळ्याला जाऊन आले.  घरी आल्यावर यंत्राचं तेल बदललं. बदलायची वेळ झाली नव्हती.

पुढे केळी ट्रकांनी जाऊ लागली. ट्रक बागेच्या बांधावरच येतात आणि त्यांची हवा त्यांच्या त्यांच्या गावी भरलेली असते. टायरगाड्या कमी होत गेल्या. माझी बदली नाशिकला झाली आणि माझं जाणंही वर्षा-दोन वर्षांतून एकदाचं झालं. साडूंचे कान गेले. काहींच्या मते वयामुळे, अक्कांच्या मते यंत्राच्या धडधडीमुळे. यंत्र आता मोटारसायकली आणि एखादा ट्रॅक्टर यांच्यासाठी, त्यांचा पुतण्या चालवतो.

मागच्या खेपेला गेलो तेव्हा साडू गोठ्याच्या भिंतीला लागून ओट्यावर बसले होते. अक्कांनी आम्हा दोघांना चहा दिला. त्यांनी कपातला चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. बशी ओट्यावर, भिंतीशी टेकवून ठेवली आणि तिच्याकडे पाहत बसले. मी काहीतरी विचारलं, त्यांना ऐकू गेलं नाही. मग माझ्या लक्षात आलं की पलीकडे यंत्र सुरू होतं, आणि बशीतल्या चहावर बारीक बारीक वलयं उठत होती. ऐकू न येणारी धडधड ते त्यांत बघत होते. थोड्या वेळाने काटा पोचला असावा. धडधड थांबली, बशीतला चहा स्थिर झाला. साडूंनी मान हलवली, बशी उचलली आणि गार झालेला तो चहा एका घोटात पिऊन टाकला.

"गरम करून देऊ का?" अक्कांनी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"नको," ते म्हणाले. "बरा झाला."